साठ दिवसांनंतरचा सर्व्हर

सर्व्हरवर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय हे आभासीकरणाचे सॉफ्टवेअर बसवून तो पहिल्यांदा सुरू केला की ६० दिवसांची मोजणी लागते. तेवढे दिवस सॉफ्टवेअर काहीही हातचे राखत नाही. सर्वांत महाग आवृत्तीत मिळणारी प्रत्येक सोय चालू असते आणि लायसन्स की कुणी मागत नाही. मुदत संपली की दोनच रस्ते उरतात: पैसे भरून परवाना घेणे किंवा मोफत परवान्याच्या चौकटीत येणे. २०२४ पर्यंत दुसरा रस्ता धरणाऱ्यांची सगळी धावपळ की मिळवण्यासाठी चालायची. वास्तविक की टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे. अडचण होते ती ६० दिवस हाताशी असलेल्या आणि ६१व्या दिवशी नाहीशा झालेल्या सोयींमुळे. तोवर सगळी व्यवस्था त्यांच्याच भरवशावर उभी राहिलेली असते.

सर्व्हरचे आभासीकरण म्हणजे एका खऱ्या यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रे चालवणे. प्रत्येक आभासी यंत्राला, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या व्हीएमला, स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात हायपरवायझर नावाचा एक पातळ थर खालच्या एकाच यंत्राची ताकद सर्वांना वाटून देत असतो. गोंदिया जिल्ह्यात गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाचे पाणी कालव्यातून वितरिकांत आणि तिथून पाटचाऱ्यांत फुटत धानाच्या बांध्यांपर्यंत जाते, तशीच ही वाटणी. तिची गोमही तीच आहे. ३२ जीबी मेमरीच्या होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रावर, चार व्हीएमना प्रत्येकी १२ जीबी कागदोपत्री देता येते आणि सगळ्यांनी एकदम मागणी केली नाही तोवर ते निभतेही. मागणी एकदम आली की टेलवरचा कोरडा राहतो.

मोठ्या डेटा सेंटरला आभासीकरण लागते ते जागा आणि वीज वाचवण्यासाठी. इटियाडोहच्या परिसरात, अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावी, गरज निराळी असते. महाविद्यालय, पतसंस्था किंवा राईस मिल यांना एकच बऱ्यापैकी सर्व्हर परवडतो आणि कामे मात्र तीन-चार असतात: हिशेबासाठी टॅली, कार्यालयाच्या फायली, प्रवेशाचे किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर, आणि जुन्या विंडोजशिवाय न चालणारा एखादा हट्टी प्रोग्रॅम. हे सारे एकाच विंडोजवर कोंबले तर एकाच्या दुरुस्तीत दुसरे बिघडते. प्रत्येकाला वेगळी व्हीएम दिली की भांडण मिटते. शिवाय व्हीएम म्हणजे शेवटी काही फायलींचा संच असल्यामुळे सर्व्हर जळाला तरी त्या फायली दुसऱ्या यंत्रावर नेऊन काम पुन्हा सुरू करता येते. दुरुस्तीचा माणूस गोंदियाहून किंवा नागपूरहून यायचा असेल, तर ही सोय वीजबचतीपेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

ही कल्पना बरीच जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात आपल्या मेनफ्रेमवर ती राबवली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांना दिली. साध्या इंटेल प्रोसेसरवर तीच किमया करून दाखवली ती १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. डायन ग्रीन आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक मेंडेल रोझेनब्लम हे तिच्या पाच संस्थापकांपैकी दोघे. कंपनीचे सर्व्हरसाठीचे ईएसएक्स २००१ साली आले आणि पुढची कित्येक वर्षे या क्षेत्रात तिला तोड नव्हती. कंपनीच्या भारतातल्या विकासकेंद्रांपैकी एक पुण्यात होते, त्यामुळे या सॉफ्टवेअरच्या घडणीत महाराष्ट्रात बसलेल्या अभियंत्यांचाही हात आहे.

ईएसएक्सआय मोफत झाले ते जुलै २००८ मध्ये. त्यामागे दानत नव्हती, बाजार होता. त्याच्या महिनाभर आधी मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले होते. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेले झेन सिट्रिक्सने २००७ साली विकत घेतले होते. त्याच वर्षी केव्हीएम हे तंत्र थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले होते. खालचा थर फुकटात मिळू लागल्यावर त्याचे पैसे मागत बसण्यात अर्थ उरला नव्हता. म्हणून व्हीएमवेअरने एकट्या होस्टसाठी हायपरवायझर मोफत दिले आणि अनेक होस्ट एकत्र हाकणाऱ्या व्हीसेंटरची किंमत लावली. मोफत परवान्याच्या सगळ्या अटी या एका हिशेबातून निघालेल्या आहेत: एक सर्व्हर चालवा, हरकत नाही, दोन सर्व्हर एकमेकांना जोडून धंदा उभा करायचा असेल तर पैसे मोजा.

‘फुकट’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे चाचणी: सगळे मिळते, पण मुदतीपुरते. दुसरी मोफत परवाना: मुदत नसते, पण सोयी छाटलेल्या असतात आणि देणाऱ्याची मर्जी फिरली तर तो उद्या देणे थांबवू शकतो. तिसरी मुक्त स्रोताचा परवाना: मूळ संहिता जगापुढे ठेवलेली असते आणि एकदा दिलेला हक्क परत घेता येत नाही. कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तरी त्या संहितेवरून दुसरे कुणी काम पुढे नेऊ शकते. ईएसएक्सआय पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात मोडते. तिसऱ्यात ते कधीच नव्हते.

चाचणीच्या काळात होस्ट व्हीसेंटरला जोडता येतो. चालू व्हीएम क्षणभरही न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येते. एक होस्ट पडला तर त्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठतात. बॅकअपचे तयार सॉफ्टवेअर होस्टशी थेट बोलून चालू व्हीएमची प्रत काढते, तीही फक्त बदललेल्या भागाची. मोफत परवाना लागू झाला की यांतले काहीच उरत नाही. व्हीसेंटरची दारे बंद होतात. एका व्हीएमला आठपेक्षा जास्त आभासी प्रोसेसर देता येत नाहीत. बाहेरच्या प्रोग्रॅमना होस्टची माहिती वाचता येते, पण त्यावर काही बदलता येत नाही.

एकच सर्व्हर असलेल्या कार्यालयाला व्हीसेंटरचे फारसे सुखदुःख नसते. आठ प्रोसेसरची मर्यादाही टॅलीला कधी जाणवत नाही. खरा फटका बॅकअपला बसतो. चाचणीत बॅकअपचे सॉफ्टवेअर लावलेले असते, रोज रात्री प्रती निघत असतात, सगळे निर्धास्त असतात. परवाना बदलल्यावर ते काम अडते, कारण ज्या वाटेने ते प्रत काढत होते तीच बंद झालेली असते. अडल्याचा निरोप ज्या ईमेलवर जातो तो कुणी उघडत नसेल, तर ही गोष्ट कळते ती डिस्क गेल्यावर. म्हणून चाचणीचे ६० दिवस हायपरवायझरची मजा बघण्यात घालवण्यापेक्षा मोफत परवाना पहिल्याच दिवशी लागू झाला आहे असे धरून मांडणी करणे शहाणपणाचे. चाचणीत सगळ्या सोयी आहेत म्हणून वापरायच्या आणि मुदत संपताना त्या उपटून काढायच्या, हे दुप्पट काम आहे.

मुदत संपल्यावर काय होते, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. सर्व्हर बंद पडत नाही. चालू असलेल्या व्हीएम चालूच राहतात आणि त्यांतली कामेही. फक्त बंद झालेली व्हीएम पुन्हा सुरू होत नाही. होस्ट व्हीसेंटरला जोडलेला असेल तर तो तुटतो. मुदत संपत आल्याची सूचना व्यवस्थापनाच्या पडद्यावर दिसते खरी, पण एकदा घडी बसल्यावर तो पडदा महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही. त्यामुळे ६१वा दिवस शांतपणे जातो, सत्तरावाही जातो. मग पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते आणि सर्व्हर बंद होतो. वीज आल्यावर होस्ट उठतो. त्यावरची एकही व्हीएम उठत नाही. कार्यालयातल्या माणसाला वाटते विजेने सर्व्हर खाल्ला. प्रत्यक्षात परवाना दहा दिवसांपूर्वीच संपलेला असतो, आणि तो संपल्याचे कळायला दिवे जावे लागतात.

उपाय सोपा आहे. ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता टाकून आत गेल्यावर व्यवस्थापनाच्या भागात परवान्याचे पान असते. तिथे सध्याचा परवाना, त्याची मुदत आणि चालू सोयींची यादी दिसते. नवी की त्याच पानावर टाकतात. ती पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची असते. की मान्य झाली की मुदतीच्या जागी ‘कधीच नाही’ असे दिसते आणि व्हीएम पुन्हा सुरू करता येतात. इथे तीन खाचखळगे आहेत. एक, की मोठ्या आवृत्तीशी बांधलेली असते. सहाव्या आवृत्तीची की सातवीला चालत नाही, म्हणून आवृत्ती बदलण्याआधी नवी की हाती असावी. दोन, चाचणीत एखाद्या व्हीएमला आठपेक्षा जास्त प्रोसेसर दिले असतील तर ते आधी कमी करावे लागतात, नाहीतर ती सुरूच होत नाही. तीन, होस्ट व्हीसेंटरला जोडून त्याचे सामाईक आभासी स्विच वापरले असतील, तर व्हीसेंटर गेल्यावर त्यांत फेरफार करता येत नाही. म्हणून व्हीएम आधी होस्टच्या साध्या स्विचवर आणून मगच जोडणी तोडावी. की आणि ती कोणत्या ईमेलच्या खात्यावर घेतली, ही नोंद कागदावर सर्व्हरच्या फायलीत लावून ठेवणे बरे. ते खाते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असते, असे पुष्कळदा आढळते.

मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याच्या युक्त्या आणि कुठून तरी उचललेल्या की हातोहात फिरत असतात. त्यांचा परवान्याच्या अटींशी उघड विरोध आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधले कलम ६३ब तर आणखी पुढे जाते. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पतसंस्थेला किंवा अनुदानित महाविद्यालयाला दंडापेक्षाही लेखापरीक्षणातला शेरा अधिक महागात पडतो, हे निराळे सांगायला नको.

हायपरवायझर मोफत मिळाले म्हणून त्यावर चालणारे विंडोज मोफत होत नाही. हा घोटाळा इतका सर्रास होतो की त्यावर जरा थांबायला हवे. विंडोज सर्व्हरची चाचणीप्रत १८० दिवसांची असते आणि ती संपल्यावर तो सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद होऊ लागतो. विकतचा परवाना मोजला जातो तो खालच्या खऱ्या यंत्राच्या कोअरवर. सर्व्हरमध्ये आठच कोअर असले तरी किमान १६ कोअरचे पैसे मोजावे लागतात. एवढे भरल्यावर स्टँडर्ड आवृत्तीत विंडोजच्या दोन व्हीएम चालवण्याचा हक्क मिळतो. तिसरी हवी असेल तर पुन्हा तेवढाच परवाना घ्यावा लागतो. डेटासेंटर आवृत्तीत व्हीएमच्या संख्येला मर्यादा नाही, पण तिची किंमत लहान कार्यालयाच्या आवाक्यातली नाही. सर्व्हर वापरणाऱ्या माणसांचे किंवा यंत्रांचे परवाने आणखी वेगळे. म्हणून विंडोज ज्या कामाला खरोखर लागते तेवढ्यापुरतेच ठेवून फायली, बॅकअप आणि वेबची कामे लिनक्सच्या व्हीएमवर हलवली, तर बचत हायपरवायझरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते.

मोफत परवान्यावरचा होस्ट सांभाळायचा तो एकेकटा. पूर्वी त्यासाठी विंडोजवर चालणारा वेगळा प्रोग्रॅम लागे. २०१६ साली ६.५ आवृत्ती आली तेव्हा तो निवृत्त झाला आणि तेव्हापासून सगळा कारभार ब्राउझरमधूनच चालतो. सर्व्हरला मॉनिटर जोडला तर पिवळ्या-करड्या रंगाचा एक साधा पडदा दिसतो. तिथून पत्ता बदलणे, पासवर्ड बदलणे, सेवा पुन्हा सुरू करणे एवढीच कामे होतात, पण नेटवर्क बिघडल्यावर तोच कामी येतो. बाकीसाठी कमांडची वाट आहे. ती गरजेपुरती उघडावी आणि काम झाले की लगेच बंद करावी.

वीज वारंवार जाते अशा ठिकाणी दोन गोष्टी आधीच लावून ठेवाव्यात. होस्ट उठल्यावर व्हीएम कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने उठाव्यात, हे ठरवण्याची सोय मोफत परवान्यातही आहे. डेटाबेसची व्हीएम आधी आणि तिच्यावर विसंबणारी नंतर, असा क्रम ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी संपण्याआधी सगळे नीट बंद होणे. यूपीएस कंपन्यांचे काही प्रोग्रॅम होस्टला बाहेरून आज्ञा देऊन हे करतात, आणि बाहेरून बदल करण्याची वाट मोफत परवान्यात बंद असल्यामुळे ते इथे निरुपयोगी ठरतात. तेव्हा कमांडच्या वाटेने होस्ट बंद करणारी छोटी स्क्रिप्ट वापरावी लागते. तीही यूपीएसचा प्लग खरोखर ओढून एकदा तपासलेली असावी.

बॅकअपचे तीन मार्ग उरतात. पहिला अगदी साधा: व्हीएम बंद करून तिच्या फायलींची किंवा निर्यात केलेल्या संचाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढणे. आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, हे निभते. दुसरा, व्हीएमच्या आतल्या विंडोजमध्ये किंवा लिनक्समध्ये बॅकअपचा प्रोग्रॅम बसवणे. त्याला हायपरवायझरच्या परवान्याशी देणेघेणे नसते. तिसरा, होस्टवरच चालणाऱ्या स्क्रिप्टने चालू व्हीएमची प्रत घेणे. विल्यम लॅम यांची ‘घेट्टोव्हीसीबी’ ही स्क्रिप्ट मोफत परवाना वापरणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली आहे. या तिघांत स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची एका क्षणाची गोठवलेली स्थिती, बसत नाही. स्नॅपशॉट मूळ डिस्कला टेकूनच उभा असतो. डिस्क गेली की तोही जातो. उलट तो ठेवून दिला तर बदलांची फाइल फुगत जाऊन एक दिवस साठवणीची जागाच संपते आणि व्हीएम जागच्या जागी थिजते. तीन दिवसांपेक्षा जास्त तो ठेवू नये, असे बनवणाऱ्यांचेच सांगणे आहे. दुरुस्तीआधी घ्यावा, दुरुस्ती जमली की पुसावा.

सुरक्षेच्या बाबतीत २०२३चा फेब्रुवारी महिना धडा म्हणून पुरेसा आहे. इंटरनेटवर थेट उघडे ठेवलेले हजारो ईएसएक्सआय होस्ट तेव्हा एका खंडणीखोर प्रोग्रॅमने गाठले आणि व्हीएमच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती जवळजवळ दोन वर्षे आधी प्रसिद्ध झालेली होती. व्यवस्थापनाचा पत्ता इंटरनेटवरून दिसता कामा नये, ही पहिली अट. घरून काम करायचे असेल तर व्हीपीएनमधून यावे. दुसरी अट वेळेवर दुरुस्त्या लावण्याची, आणि अलीकडे मोफत परवान्याचा पाय नेमका तिथेच लंगडा झाला आहे.

कारण मालक बदलला. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेण्याचा व्यवहार २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण केला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत एकदाच पैसे भरून कायमचा मिळणारा परवाना विकणे कंपनीने थांबवले. यापुढे फक्त वर्गणी, तीही कोअरच्या संख्येवर आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद झाल्याचे जाहीर झाले. साडेपंधरा वर्षांची सोय एका सूचनेनिशी गेली. ज्यांच्याकडे जुन्या की होत्या त्यांचे होस्ट चालू राहिले, कारण त्या कीला मुदत नव्हती. नव्याने की मिळणे मात्र थांबले. एप्रिल २०२५ मध्ये, ८.० आवृत्तीच्या तिसऱ्या अपडेटच्या एका सुधारित रूपात, मोफत हायपरवायझर पुन्हा ब्रॉडकॉमच्या पोर्टलवर दिसू लागले. या वेळी परवाना आतच घातलेला असल्यामुळे की मागण्याचा प्रश्न उरला नाही. त्याच महिन्यात अपडेट उतरवण्याच्या वाटेवर ग्राहकाच्या ओळखीची चौकी बसली आणि वर्गणी न भरणाऱ्याला नियमित दुरुस्त्या मिळणे अवघड झाले. सातव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आठवीचा ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. एकदा काढून घेतलेली आणि परत दिलेली गोष्ट पुन्हा काढून घेतली जाणार नाही, अशी हमी कुणी दिलेली नाही. शिकण्यासाठी किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोफत ईएसएक्सआय आजही उत्तम आहे. पतसंस्थेची खातेवही त्यावर ठेवण्याआधी मात्र दहादा विचार करावा.

असे करणारी ही एकटीच कंपनी नव्हे. मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र, मोफत आणि बिनमुदतीचा हायपर-व्ही सर्व्हर २०१९च्या आवृत्तीनंतर पुढे आलाच नाही. आहे त्याला सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२९ पर्यंत मिळतील. हायपर-व्ही स्वतः मेलेले नाही. विकतच्या विंडोज सर्व्हरमध्ये ते असतेच, त्यामुळे ज्यांनी तो परवाना घेतला आहे त्यांना वेगळे हायपरवायझर शोधण्याचे कारण नाही. सिट्रिक्सने डिसेंबर २०१७ मध्ये झेनवर बेतलेल्या झेनसर्व्हरच्या मोफत आवृत्तीतल्या अनेक सोयी काढल्या. पण झेनसर्व्हरची संहिता मुक्त होती. म्हणून फ्रान्समधल्या व्हेट्स या कंपनीच्या पुढाकाराने काही महिन्यांतच, २०१८ साली, त्या संहितेवरून एक्ससीपी-एनजी उभे राहिले आणि काढलेल्या सोयी परत आल्या. ईएसएक्सआयच्या बाबतीत असे काही घडू शकले नाही, याचे कारण परवान्यात आहे.

लहान संस्थांचा ओढा आता प्रॉक्समॉक्सकडे आहे. व्हिएन्नातल्या कंपनीने २००८ पासून चालवलेले हे सॉफ्टवेअर डेबियन लिनक्सवर उभे असून आत केव्हीएम वापरते. यात चाचणीची मुदत नाही, छाटलेली आवृत्तीही नाही. क्लस्टर, चालू व्हीएम हलवणे, रोजचा बॅकअप, सगळे पहिल्या दिवसापासून आणि कायमचे मिळते. पैसे लागतात ते अधिक कसोशीने तपासलेल्या दुरुस्त्या आणि तांत्रिक मदत यांसाठी, वर्षाला आणि प्रोसेसरच्या खोबणीमागे. वर्गणी नसेल तर आत शिरताना ‘वैध वर्गणी नाही’ अशी चौकट दर वेळी दिसते. ती मुदत संपल्याची सूचना नव्हे, पण पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो. बसवल्यावर अपडेटचा मार्ग वर्गणीदारांच्या भांडाराकडे लावलेला असतो, त्यामुळे अपडेट अडतात. तो वर्गणीविना मिळणाऱ्या भांडाराकडे वळवला की काम सुरळीत होते. या भांडारातली दुरुस्ती आली त्याच दिवशी लावण्याची घाई करू नये, एवढे पथ्य पाळावे.

मुक्त स्रोताकडचा हा ओढा सरकारी पातळीवरही दिसतो. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये सरकारी यंत्रणांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती देणारे धोरण स्वीकारले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने मुक्त स्रोताच्या घटकांवर आपला क्लाउड संच तयार केला आणि त्याला ‘मेघदूत’ नाव दिले. 

ईएसएक्सआयवरून दुसरीकडे जाणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. प्रॉक्समॉक्सने २०२४ साली आपल्या ८.२ आवृत्तीत ईएसएक्सआयच्या होस्टला थेट जोडून व्हीएम ओढून आणण्याची सोय दिली. तरी पूर्वतयारी चुकवू नये. विंडोजच्या व्हीएममधली व्हीएमवेअरची साधने हलवण्याआधी काढावीत, कारण नव्या जागी ती काढताना कटकट होते. नव्या आभासी डिस्कचे आणि नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर जुन्या जागी असतानाच बसवावेत; नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसते. नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे हाताने दिलेला पत्ता हरवतो, म्हणून तो आधी लिहून घ्यावा. सगळे स्नॅपशॉट मिटवावेत. यंत्र बदलल्याचे पाहून विंडोज आणि काही हिशेबाची सॉफ्टवेअर परवाना पुन्हा पडताळायला मागतात. त्या की हाताशी असाव्यात. सुरुवात सर्वांत कमी महत्त्वाच्या व्हीएमपासून करावी, टॅलीची शेवटी हलवावी, आणि तीही मार्चअखेरच्या धामधुमीत नव्हे. जुना होस्ट लगेच पुसू नये. नव्या जागी एका महिन्याचे हिशेब मिळाले आणि बॅकअपमधून एक व्हीएम परत उभी करून पाहिली, की जुन्या यंत्राच्या डिस्क मोकळ्या कराव्यात. त्या यंत्रावर प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर बसवून तो दुसऱ्या खोलीत किंवा संस्थेच्या दुसऱ्या इमारतीत ठेवला, तर नवी खरेदी न करता बॅकअपलाही वेगळे घर मिळते.